तिसऱ्या बाटलीचं सील

सोमवार, ता. ९
बेटावरून

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि चिमणी खुशाल असाल, तुझ्या आईचा गुडघाही ताळ्यावर आला असेल, असं धरून लिहिते. आम्ही मजेत आहोत. म्हणजे घामाने चिंब, डासांनी फोडून काढलेले, पण मजेत. फोन इथे लागत नाही. निर्मात्याचा माणूस बोटीने ये-जा करतो, तोच टपाल नेतो-आणतो, त्यामुळे पत्रावर भागव.

पहिला प्रश्न तुझा तोच असणार, म्हणून आधी तेच. दादा ठीक आहे. माहेरी निघताना तू दारात मला बजावलंस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. 'त्याने दारूचा एक घोट जरी घेतला तरी मी परत येणार नाही, आणि घेतला की नाही हे मला तू सांगायचं, तो नाही.' असली कामं नणंदेच्याच गळ्यात का पडतात देव जाणे. पण पडलंय ते निभावते आहे.

आता गंमत ऐक. या सिनेमात दादा जो बातमीदार झालाय, तो सकाळी दात घासायच्या आधी रम पितो आणि बेटावरच्या हॉटेलवाल्याच्या बाजूने खोट्या बातम्या छापतो. म्हणजे तुझा नवरा दिवसभर माझ्या हातचा कोरा चहा पितो. साखर जाळून घातली की रंग हुबेहूब उतरतो. शॉट थांबला की ग्लासातली पातळी बघून ठेवायची आणि पुढच्या शॉटला तेवढीच भरायची, हे माझं मुख्य काम. सामानाच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. शिवाय प्रत्येक ग्लास देण्याआधी मी हुंगते. सेटवर मला सगळे मांजर म्हणायला लागलेत, म्हणू देत.

दादा चहा पिऊन असा झिंगतो की परवा मेकअपवाल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच चहा आहे ना गं?" मी त्यांना उरलेला ग्लास प्यायला लावला.

तो थोडा बारीक झालाय. झोप कमी आहे, पण उकाड्याने सगळ्यांचीच कमी आहे. शेवटचा सीन अवघड आहे, त्याची जुळवाजुळव चालली आहे. त्याबद्दल सावकाश लिहीन.

चिमणीला सांग, शिंपले जमवलेत.

तुझी,
बारकी


मंगळवार, ता. १७

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते, बोट सुटते आहे.

शेवटचा सीन काल झाला. दिग्दर्शक खूश आहेत. सगळे टाळ्या वाजवत होते. दादाने इथे आल्यापासून दारूचा थेंबही घेतलेला नाही. हे मी शपथेवर लिहिते.

बाकी नंतर.

बारकी


गुरुवार, ता. २६

वहिनी,

तुझं पत्र काल आलं. चिमणीचा शाळेचा दाखला काढलास, सामान बांधायला घेतलंस, आणि आमची बोट लागेल तेव्हा धक्क्यावर येणार आहेस. 'तू शपथेवर लिहिलंस म्हणून,' असंही लिहिलंस. ते वाक्य वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

शपथ खोटी नाही. एवढं मनात ठेवून पुढचं वाच. सामान सोडू नकोस आणि बांधूही नकोस. आधी वाच.

शेवटच्या सीनमध्ये तो बातमीदार टेबलापाशी एकटा बसतो, नवीकोरी बाटली काढतो, सील तोडतो आणि बाटलीच तोंडाला लावतो. सील तुटताना दिसलं पाहिजे, आवाज आला पाहिजे. आता सीलबंद बाटलीत मी चहा कुठून आणू? म्हणून खऱ्या रमच्या तीन बाटल्या मागवल्या होत्या. सील तुटलं की शॉट थांबवायचा आणि मी बाटली बदलायची, असं ठरलं होतं. हे तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तू घाबरशील म्हणून टाळलं.

मग दिग्दर्शक म्हणाले, शॉट तोडायचा नाही. "अहो, कॅमेरा त्याच्या पाठीमागे आहे, खांद्यावरून हात दिसतात, तोंड नाही. ओठ मिटून नुसती वर धरायची, कोणाला कळतंय?" मी भांडले. म्हटलं, माणूस किती कष्टाने सुटलाय तुम्हाला माहीत आहे. ते दादाकडे वळले. दादा म्हणाला, "चालेल की. ओठ मिटायला काय जातंय?"

तो हसत बोलला, पण माझ्याकडे न बघता बोलला. मला ते आवडलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी सुताराकडून काचेला भोक पाडायचं ड्रिल घेतलं आणि सामानाच्या खोलीचं दार लावून बसले. बाटली उलटी धरून, बुडाशी पाणी सोडत सोडत भोक पाडायचं, इंजेक्शनच्या सुईने रम ओढून घ्यायची, आतून धुऊन चहा भरायचा आणि भोक मेणाने बुजवायचं. पहिली बाटली तडकली. दुसरी साधली. सील जसंच्या तसं, आत चहा. तिसरीला हात लावायचं धाडस झालं नाही. ती राहू दिली, पुन्हा शॉट घ्यावा लागलाच तर म्हणून.

माझ्या हाताला रमचा वास लागला होता. साबणाने घासूनही जाईना.

आता खरी गोष्ट. हे मी दादाला सांगितलं नाही. कोणालाच नाही. स्वतःला समजावलं की त्याला कळलं तर अभिनय ढिला पडेल. सगळी थाप. त्याला सांगितलं असतं तर तो घोट नुसता चहाचा झाला असता आणि मी सुटले असते. मला बघायचं होतं, वहिनी. इतके महिने, आधी घरी आणि मग इथे, ग्लास हुंगून हुंगून मी थकले होते. एकदाचं कळू दे, असं झालं होतं.

आणि कळलं.

कॅमेरा त्याच्या पाठीशी होता. मी समोर, खिडकीच्या बाजूला, पडद्याआड. त्याने सील तोडलं. आवाज पडद्याआडही ऐकू आला. बाटली तोंडाला लावली. ओठ मिटलेले नव्हते. डोळे मिटलेले होते. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. एकदाच. मग तो थांबला. डोळे उघडले, बाटली तशीच धरून सरळ माझ्याकडे बघितलं. मी कुठे उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी मी कपाटाआड लपले की तो जसा बरोबर तिथेच बघायचा, तसा.

पाठीमागून दिग्दर्शक ओरडले, "वा! काय थांबलास!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मी तुला ते शपथेचं पत्र लिहिलं.

त्यानंतर बाकीचे सीन चालू होते, पण आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. ग्लास घे, ग्लास ठेव. काल तुझं पत्र आलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मी त्याच्या खोलीत गेले आणि पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चिमणीच्या दाखल्यापर्यंत वाचलं आणि घडी घातली.

"तू तिला काय लिहिलं होतंस?"

"थेंबही घेतला नाही म्हणून."

"खरंच आहे की ते."

"हो."

त्याने पत्र पाकिटात घातलं. मग म्हणाला, "बारके, ती उरलेली बाटली दे."

माझ्या तोंडून भसकन निघालं, "तिच्यातही चहाच आहे. तिन्हींत भरला होता."

"मग काय झालं? चहाच आहे तर दे."

काय करणार होते मी? नाही म्हटलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. दिली तर काय होईल ते डोळ्यांपुढे दिसत होतं. आरडाओरडा करून लोक गोळा करावेत असं वाटलं. वहिनी, तुझा राग आला मला. तू हे माझ्यावर टाकून माहेरी गेलीस याचा इतका राग मला आजवर आला नव्हता. पण गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली आणि बाटली त्याच्या हातात दिली. तुला लपवून आता काय उपयोग.

त्याने बाटली उलटी केली आणि बुडावर अंगठा फिरवला; त्या दिवशीच्या बाटलीचं मेण त्याने तेव्हाच चाचपलं असणार. गुळगुळीत. भोक नाही, मेण नाही. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"त्या दिवशी घोट घेतला तेव्हा आधी काय वाटलं सांगू? राग आला. चहा लागला म्हणून तुझा राग आला. वाचलो असं वाटायला हवं होतं ना? तसं नाही वाटलं."

मी रडायला लागले. तो रडला नाही. बाटली सरळ करून टेबलावर ठेवली.

"तिला लिही," म्हणाला. "सगळं लिही. मी प्यायलो असं लिही."

"पण प्यायला नाहीस तू."

"मला माहीत होतं का ते?"

म्हणून हे पत्र. त्याच्याच टेबलापाशी बसून लिहिते आहे. तो समोर पलंगावर बसलाय. आज शूटिंग नाही. बाटली कालपासून तशीच आहे, आत्ता आमच्या दोघांच्या मधे. ती मी उचलून ओतून टाकणार होते, तर म्हणाला, "राहू दे. तू ओतलीस तर परत तूच केल्यासारखं होईल." मी हात मागे घेतला. बरोबर केलं की नाही मला कळत नाही.

मघाशी त्याने बाटली उचलली होती. सीलवर बोट ठेवलं. मी लिहायची थांबले. मग ठेवली. म्हणाला, "तू लिही."

तू मला प्यायला का म्हणून विचारलं होतंस. त्याच्या पोटात गेला तो चहा होता, मनाने तो प्यायला होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही तुला सांगितलं. यातलं कुठलं धरायचं ते तू ठरव. धक्क्यावर आलीस तर मला आनंद होईल. नाही आलीस तर मी तुला बोल लावणार नाही, आणि चिमणीचे शिंपले टपालाने पाठवीन.

एक मात्र मागते. पुढे कधी मला विचारू नकोस. त्याला विचार. आज सकाळी मी किल्ली त्याच्या हवाली केली. आता मी ग्लास हुंगणार नाही.

निर्मात्याचा माणूस दारात उभा आहे, पत्र मागतोय. दादा म्हणतोय, "माझा काही निरोप लिहू नकोस." म्हणून लिहीत नाही.

हे पाकीट चिकटवते आहे तोवर बाटलीचं सील शाबूत आहे.

तुझी नणंद, आणि आता पुन्हा त्याची नुसती बहीण,
बारकी