ठकीचे सात गुण

पनवेल
रविवार, ३१ मे २०२६

आदरणीय काशीरामकाका यांस,

अंकुशचा नमस्कार. वीटभट्टीवर सगळे बरे असाल. काकूंच्या पायाला आराम पडला असेल. इकडे शाळेला सुट्टी आहे, पण कार्यालय चालू असते. मागच्या भिंतीला रंग लावून झाला. नवीन बाकडी येणार आहेत म्हणतात, अजून आलेली नाहीत.

तुम्ही मला नावाने ओळखणार नाही. शाळेच्या खिडकीवर चष्मा लावून बसलेला होता, तो मी. एरवी मी प्रयोगशाळेचे सामान सांभाळतो. पाच मे रोजी तुम्ही ठकीला घेऊन आला होतात, तेव्हा मला साहेब म्हणालात. मी साहेब नाही. तेव्हाच सांगायला हवे होते, पण ऐकायला बरे वाटले म्हणून गप्प बसलो.

हे पत्र तुम्हाला ठकीच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. ठकी, मध्ये तुझे नाव आले तरी थांबू नकोस. लिहिले आहे तसे सगळे वाच.

तुमचा फोन लागत नाही असे मी आमच्या कार्यालयात सांगितले. ते खोटे आहे. मी दोनदा लावला. दुसऱ्यांदा तुम्ही उचललात, "कोन हाय?" म्हणालात, आणि मी ठेवून दिला.

काका, ठकी गणितात तीन गुणांनी नापास झाली असा निकाल दोन मे रोजी लागला. तो निकाल चुकला होता. आता दुरुस्त झाला आहे. ठकी नववी पास आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला तेवढा घोर राहणार नाही.

चूक कशी झाली ते लिहितो.

परीक्षेच्या वेळी गणिताच्या कुमुद मॅडमना मतदारयादीचे काम लागले होते. सकाळभर शाळा आणि दुपारी दारोदार. त्यांनी मला पेपरांतल्या गुणांची बेरीज तपासायला दिली, कारण माझी बेरीज चुकत नाही. पुढे एका शब्दाच्या उत्तरांना बरोबर-चूक करायला दिले. एवढेच त्यांनी दिले होते. भूमितीतल्या रचना, म्हणजे पट्टी आणि कंपास घेऊन काढायचे त्रिकोण, हे मी मागून घेतले. म्हणालो, "मॅडम, आदर्श उत्तर समोर आहे, मी करतो." त्या दमल्या होत्या. हो म्हणाल्या.

मी स्वतः दहावीला दोनदा गणितातच राहिलो आणि शाळा सोडली, हे त्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. तरी लाल पेन हातात आले की मला वाटायचे, आता मी त्या बाजूला बसलो आहे. आमचे क्लार्क इंद्रजीतभाऊ रोज चिडवायचे, "काय अंकुश मॅडम, आज किती पोरांची विकेट काढली?" मी हसायचो. मनातून आवडायचे.

त्रिकोण तपासायची रीत मी माझी काढली. आदर्श उत्तरातला त्रिकोण ट्रेसिंग पेपरवर टोकदार पेन्सिलीने उतरवला आणि तो कागद प्रत्येक मुलाच्या आकृतीवर ठेवत गेलो. रेघांवर रेघा बसल्या की पूर्ण गुण. थोडे इकडेतिकडे असेल तर एक गुण कमी. बसलाच नाही तर शून्य. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा मी सोडला नाही. इतके काटेकोर कोणी तपासत नसेल असे मला वाटत होते.

ठकीचे दोन्ही त्रिकोण बसले नाहीत. एक तीन गुणांचा, एक चार गुणांचा. मी दोन्हीकडे शून्य घातले आणि पान उलटले. त्रिकोण बसत का नाही, एवढे एक मिनिट थांबून बघितले नाही. तिच्या मापांवर पट्टी ठेवली नाही. कोनमापक माझ्या खिशात होता, तो काढला नाही.

आता पाच तारखेचे.

तुम्ही म्हणालात, "साहेब, पोरीचा पेपर बगायचा हाय. आर्धा दिस मोडून आलोय." मी म्हणालो, पेपर गठ्ठ्यात बांधले, आता दाखवत नाहीत. गठ्ठा माझ्या मागच्या कपाटात होता. मग ठकी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, मी डावरी हाय. मी कंपास धरते तवा माजा कोन उजवीकडं येतो. मॅडम वर्गात बोलल्या व्हत्या, चालंल म्हनून. त्याच्यासाठी काटला का?"

काका, त्याच क्षणी मला कळले. तिचे त्रिकोण आरशात दिसावेत तसे उलट बाजूला होते, आणि मी ट्रेसिंग पेपर उलटा करून बघितलाच नव्हता. मला नंतर कळले असे लिहिले असते तर तुम्ही विश्वास ठेवला असता. पण तेव्हाच कळले होते. आणि मी काय बोललो ते तुम्ही ऐकले आहे. मी म्हणालो, "उगाच कारणं सांगू नकोस. काका, तिला भूमिती कळतच नाही हो. नशिबात नसतं एखाद्याच्या."

तुम्ही तिच्याकडे बघितलेत आणि म्हणालात, "आयकलंस? शिकलेला मानूस सांगतोय. बास झाली साळा." आणि दाखल्याचा अर्ज मागितलात.

तुम्ही गेल्यावर मी गठ्ठा सोडला. कागद उलटा करून तिच्या आकृतीवर ठेवला. दोन्ही त्रिकोण बसले. सगळ्या वर्गात इतक्या नेमक्या रेघा कोणाच्या नव्हत्या. मी गठ्ठा पुन्हा बांधला, आधी होती तशीच गाठ मारली, आणि तीन आठवडे गप्प राहिलो. माझी नोकरी दर वर्षी नव्याने लागते. जूनमध्ये कागद निघतो. बोललो तर निघणार नाही, एवढाच विचार केला.

गेल्या रविवारी मी आपट्याला आलो होतो. तुमच्या भट्टीपर्यंत आलो. ठकी डोक्यावरून विटा वाहत होती. तिने मला बघितले नाही असे वाटते. मी उभ्या उभ्या परत फिरलो.

सोमवारी सकाळी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी पेपर बघितला, ट्रेसिंग पेपर स्वतः उलटा करून आकृतीवर ठेवला. मग म्हणाल्या, "अरे, ती डावखुरी आहे हे मला माहीत होतं. तू मला फक्त विचारायचं होतंस रे." माझ्याबरोबर मोठ्या सरांकडे त्याही आल्या आणि दोष स्वतःवर घ्यायला लागल्या. मी घेऊ दिला नाही. वर्गातले सगळे पेपर मॅडमनी पुन्हा तपासले. आणखी दोघांचे गुण वाढले, पण ते आधीच पास होते. वर्ष गेले असते ते एकट्या ठकीचे. माझे काय करायचे ते सर जूनमध्ये ठरवणार आहेत.

एक गोष्ट राहिली. ती मी आतापर्यंत टाळत आलो.

दाखल्याचा अर्ज मी भरला होता. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारले, तर तुम्ही म्हणालात, "कामावर न्याची हाय, लिव्हा." मी ते लिहिले नाही. मी लिहिले, 'अभ्यासात गती नाही.' सुवाच्य अक्षरात लिहिले. तुम्हाला वाचता येत नाही, तुम्ही खाली अंगठा दिलात. ठकी खिडकीच्या पलीकडून ते अक्षर उलटे वाचत होती. तिने शेवटपर्यंत वाचले आणि तुम्हाला सांगितले नाही. का सांगितले नाही ते मला माहीत नाही. मी रोज त्याचा विचार करतो.

तो अर्ज अजून फायलीत आहे. तुमच्या अंगठ्याचा आहे म्हणून तुम्हालाच मागे घ्यावा लागेल, सरांनाही तो रद्द करता येत नाही. पंधरा जूनला, सोमवारी, शाळा उघडते. त्या दिवशी नाही आलात तर दाखला निघेल आणि दहावीच्या पटावर ठकीचे नाव चढणार नाही. पावसामुळे भट्टी उठली की तुम्ही बेलपाड्याला बांधकामावर जाणार, असे म्हणाला होतात. कृपा करून तिला नेऊ नका. आलात की सगळ्यांच्या देखत, त्याच खिडकीसमोर, मी हे तोंडाने सांगणार आहे. तुम्हाला मला जे बोलायचे ते बोला, हात उचलायचा तर उचला. पण आधी अर्ज मागे घ्या आणि मग बोला. रागाने तसेच निघून गेलात तर अर्ज फायलीत राहील.

ठकी, हे सगळे तुला मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या असे लिहिणार होतो, पण मग तू शेजारी मान खाली घालून बसली असतीस, म्हणून तसे लिहिले नाही.

पेपरावर मॅडमची सही आहे, कारण तिथे सही करायचा मला अधिकार नव्हता. या पत्रावर मी करतो.

अंकुश गजानन पाटील
प्रयोगशाळा परिचर (कंत्राटी)
दहावी नापास