घरचंच पाणी

बाबा, आज राजापेठेतल्या माझ्या घरी नळाला पाणी आलं आणि पिंप भरता भरता मला एकाएकी तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग ताजाच आहे. तो दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तो उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. दर्यापूरच्या रस्त्यावरचं जिन बंद पडलं होतं. कापसातून सरकी काढणारी तिथली यंत्रं तुम्ही जन्मभर दुरुस्त केलीत आणि आता तुमच्याकडे फाटकाची किल्ली तेवढी उरली होती. घरात भाकर आणि ठेचा, तोही कधी दिवसातून एकदाच. राज्य नवं होतं. मुंबईची एक मोठी कापड कंपनी आपलं मुख्य कार्यालय हलवणार आहे आणि सरकार ते वऱ्हाडात आणू पाहतंय, अशी बातमी आली आणि गावाला एक नवा शब्द मिळाला, सवलती. जमीन फुकट, विक्रीकर माफ, जकात माफ, वीज स्वस्त आणि लांबून नळानं आणलेलं गोडं पाणी. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईकं सवलतींवर भांडायची. जागा ठरली ती जिनाशेजारची पडीक. कार्यालय झालं की त्या नळाचं पंपघर तुमच्या हाती, असं मुंबईच्या सरकारी अधिकाऱ्यांनी कबूल केलं, तेव्हा माय चुलीपुढे बसून रडली. ते रडणं आनंदाचं होतं हे मला मोठेपणी कळलं.

कंपनीचे साहेब त्या अधिकाऱ्यांना घेऊन जागा पाहायला येतात तेव्हा जीपच्या पत्र्याला हात लावता येत नाही इतकं ऊन आहे. सावली आपल्याच ओसरीत. साहेब टेकतात आणि पाणी मागतात. आपल्या भागात विहीर कुठेही खणा, पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, पण आपण तेच पितो. गोडं पाणी माय लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणते आणि झाकलेल्या माठात ठेवते, फक्त पाहुण्यांसाठी. असा माठ गावात घरोघरी आहे. माय त्यातलाच तांब्या बाहेर देते.

"छान गोड आहे हो पाणी," साहेब म्हणतात. "इथलंच का?"

"हो साहेब, घरचंच हाये. घ्या ना अजून," तुम्ही म्हणता.

आतून माय कुजबुजते, "अवो, सांगून द्या न त्याइले, लांबून आनलं म्हनून."

तुम्ही दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणता, "काहून वं? पाहुन्याले पानी पाजाचं अन् वरून उपकार सांगाचे काय?"

ओसरीत गावातले चार प्रतिष्ठित उभे होते. त्यांनाही सगळं ठाऊक होतं, पण पाहुण्यासमोर यजमानाला उघडं कोण पाडणार? साहेब अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "पाणी इतकं चांगलं आहे, तर नळ कशाला? त्याऐवजी करमाफीच वाढवून द्या." नळाचा खर्च वाचला म्हणून अधिकारीही खूश झाले. असा नळ गेला.

पुढे कार्यालयाच्या पायाजवळ कंपनीनं विहीर खणली आणि खारं पाणी लागलं. कंपनीनं पुन्हा नळ मागितला. सरकार म्हणालं, तुम्हीच नको म्हणालात, बदल्यात करमाफी घेतलीत. दुसऱ्या एका जिल्ह्यात ह्याच सवलती मिळत होत्या आणि वर भरलेली नदी होती. कंपनी तिकडे गेली. त्या वेळी ओसरीत गप्प उभे राहिलेले तेच प्रतिष्ठित आता तुम्हाला पाहून म्हणायचे, "एका तांब्यात गाव बुडवलं यानं."

तुम्ही अकोल्याच्या कचेरीत जाऊन हात जोडलेत. "चुकी माही हाये साहेब, मले काय बी करा, पन नळ देऊन टाका त्याइले." कारकुनानं तुम्हाला बाहेर बसवलं. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलात, मग पुन्हा. ताप अंगात घेऊन गेलात तेव्हा मी तुमचा सदरा धरून ठेवला होता. तो सोडवून तुम्ही निघालात. परत आलात ते अंथरुणालाच खिळलात. शेवटी घसा कोरडा पडला तेव्हा मायनं पाहुण्यांच्या माठातलं पाणी तुमच्या ओठांना लावलं. ते गोडं लागताच तुम्ही तोंड फिरवलंत. "मले कायले? ठेव, कोनी येईन."

कोणी येणार नव्हतं, बाबा. जिनाकडे पुन्हा कोणी फिरकलंच नाही.

नंतर मी सरकारी नोकरीत लागले, तीही उद्योगांच्या सवलती देणाऱ्याच खात्यात. मोठ्या कंपन्या एका जिल्ह्याला दुसऱ्याची भीती कशी घालतात, आतून ठरलेलं असतानाही जागा पाहायला कशा येतात, हे मी जवळून पाहिलं. माय जाईपर्यंत मी तिला सांगत आले की त्यांना यायचंच नव्हतं, तांब्याचं निमित्त झालं. ती मान हलवायची आणि खारं पाणी पीत राहायची.

तुम्हालाही तेच लिहायला बसले होते. तुमच्या पाण्यानं काही बिघडलं नाही, शांत पडा, एवढंच. पण हा कागद कुठे जाणार नाही, मग खोटं कशाला लिहू? ते आले असते की नाही, मला माहीत नाही, बाबा.