चहाचा नेम

८ जानेवारी
दुकानाचा जिना चढताना हे परत मधेच थांबले. छातीवर हात. विचारलं तर म्हणे, गॅस! एवढा गॅस असता तर सिलिंडर कशाला आणलं असतं? चालताना माझाही जबडा ठणकतो, पण तो कवळीमुळे. (एकता, हसू नकोस. अक्षर नातीचं, बोलणं आजीचं — एवढं लिही.)

११ जानेवारी
नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलंय. शिरेत औषध सोडून हृदयाच्या नळ्यांचे फोटो काढतात. कुठे तुंबलंय ते दिसतं. जाताना उपाशीपोटी, नंतर मात्र भरपूर पाणी प्यायचं — औषध बाहेर पडायला हवं.

१५ जानेवारी
सुरतेहून तसेच परत! मशीनपाशी पोचल्यावर आमचे हे शेठ म्हणतात, माझा आज चोविहार उपास आहे, उद्या सूर्य उगवेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. काल आमच्या जैन स्थानकात जाऊन महाराजसाहेबांकडून गुपचूप नेम घेतला होता. मग डॉक्टर तरी काय करणार? खापरला घरी पोचेपर्यंत जिनेश बापावर धुसफुसत होता.
पर्युषणात ज्यांना एका उपासासाठी मनवावं लागतं, ते हे! घाबरलेत. पण नेम मोडा, असं मी कशी म्हणू?

१६ जानेवारी
नेम मलाही घेता येतो. यांचा फोटो निघेपर्यंत माझा चहा बंद.

१९ जानेवारी
डोकं फुटतंय. रोज समोर बसते आणि यांचा चहा निवताना बघते. आज म्हणाले, "जिनेशच्या आई, एक घोट तरी घे." नाही घेतला.

२३ जानेवारी
यांचा फोटो निघाला एकदाचा! आधी यांची नाडी इतकी धावत होती की गोळी देऊन बाहेर बसवलं. दोघं नवकार म्हणत बसलो. औषध आत गेल्यावर अंगभर अशी ऊब पसरली म्हणे, की उठल्याबरोबर धोतर ओलं झालं का ते चाचपून पाहिलं!
खाली जाऊन मी दोन कप चहा प्यायले. रिपोर्ट घ्यायला जिना चढले तर जबडा असा ठणकला की भिंत धरली. यांच्या नळ्या स्वच्छ. डॉक्टर मात्र माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, कवळीमुळे. कवळी काढल्यावरही दुखतं का? दुखतं. चालायचं थांबलात की थांबतं? थांबतं.
"आजी, आता फोटो तुमचा."

२६ जानेवारी
मला काही झालेलं नाही. डॉक्टरला गिऱ्हाईक लागतंच. पण ते मशीन आठवलं की नवकार म्हणायला लागते. परवा जायचंय. उद्या स्थानकात जाऊन येते म्हणते... एक चोविहार करावा. एकताने पेन खाली ठेवलं. "दादी, तुम्हीपण?" लिही म्हटलं मुकाट्याने.

२७ जानेवारी
एकताने चुगली केली. सकाळी यांनी भरलेला कप माझ्याकडे सरकवला.
"तुझा फोटो निघेपर्यंत मला नको."