नाव न घेता शिकवलेलं इंग्रजी

५ जानेवारी १९९६, सकाळ
शेठने माझ्या लेकाला, हेमराजला, दिलेली डायरी मी घेतली. त्याला कुठे लिहायचंय, त्याचं आयुष्य सुरतेच्या लूमवर कापड विणण्यात. नात हर्षदा दहावीच्या चाचणीत इंग्रजीत नापास. हेमराज तिला म्हणाला, मार्चच्या बोर्डात नापास झालीस तर पुढची शाळा बंद, घरी बसून साड्यांना टिकल्या लाव. पोरगी जेवली नाही. ठरवलं, इंग्रजी आता मी घेणार. चौथी शिकलेय, पण या घरात डोकं मला एकटीलाच आहे.

६ जानेवारी
विचारलं, अडतं कुठे? म्हणाली, हू, विच, व्हूज. दोन वाक्यं जोडायची. ‘माणूस आला. तो लूम चालवतो.’ याचं ‘जो माणूस आला तो लूम चालवतो.’ मी म्हटलं, एवढंच? लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय? नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. रेशनवाल्याने त्यांचं नाव विचारलं तर सांगते, तुळशीपाशी जो काळा गोटा पुजतात, तेच. तो बरोबर लिहितो. इंग्रजांनी आमचंच उचलून धडा केला.

९ जानेवारी
नियम केला: कुणाचंच नाव घ्यायचं नाही, जिथे तिथे हू. शेजारच्या शोभाबाईकडे श्रीरंग सर ट्यूशन घेतात, ती बंद केली. हर्षदा गुजराती मिसळून म्हणाली, आजी, नाव घातलं तरी चालशे. मी म्हटलं, चालशे चालशे करणाऱ्यांचं काय चालतं ते या लिंबायत वस्तीभर बघतेय. तिने वही उघडली. पटलं.

१५ जानेवारी, दुपार
शिकवायला बसले. उठले, चहा केला. बसले. डाळ बघायला उठले. हू माणसाला की विच, हे जरा मागेपुढे होतंय. बारीकसारीक गोष्टी तिने पुस्तकात बघाव्यात. मी मुद्दा देते.

२८ जानेवारी
निबंध: माझी शेजारीण. मी सांगितला, तिने इंग्रजी केलं. जी बाई नळावर सगळ्यात आधी उभी राहते, जिचा हंडा कधी भरत नाही, जिने आमची बादली लाथेने सरकवली, जिच्या तोंडापुढे लूमचा आवाज कमी. नाव कुठेही नाही. एकदम सभ्य.

३ फेब्रुवारी
शाळेतल्या बाईंनी निबंध वर्गात वाचला. दुसऱ्या ओळीलाच सगळ्या पोरी वळून शोभाबाईच्या मुलीकडे बघायला लागल्या. याला म्हणतात शिकवणं. मार्क दहापैकी दोन. का, तर वाक्यात श्वास घ्यायला जागा नाही. बाईंचा श्वास कमी, त्याला मी काय करू?

तीच संध्याकाळ
शोभाबाई दारात. म्हणाली, काय वं सुभद्राबाई, नळावर भांडणारी कोण? मी म्हटलं, मी नाव घेतलं का? ती म्हणाली, घेतलं असतं तर बरं होतं, आता अख्खी गल्ली ओळखत बसलीय. हर्षदाला म्हणाली, ट्यूशन राहू दे, माझ्या उंबऱ्यावरही दिसू नको.
बरंच झालं. तिच्याकडे जाऊन-येऊन पोरीचं लक्ष विचलित होत होतं.

१४ फेब्रुवारी
प्रीलिममध्ये इंग्रजीत पहिल्यापेक्षा कमी. हर्षदा रडली नाही. टिकल्यांची पुडी काढली आणि सुईत दोरा ओवत बसली. मी म्हटलं, ठेव ती. ठेवली नाही. उद्यापासून पहाटे उठवून शिकवणार.

१५ फेब्रुवारी
पहाटे उठवलं. ती वाचत बसली. मला डुलकी लागली. थंडी फार आहे.

२१ फेब्रुवारी
हे, मला न विचारता, शोभाबाईकडे जाऊन आले. टोपी काढून बोलले म्हणे. ट्यूशन सुरू होणार. शोभाबाईची एकच अट: परीक्षा होईपर्यंत सुभद्राबाई सुरतेत नको. मी म्हटलं, असली अट कोण ऐकतं? बघते तर हर्षदाने माझी पिशवी भरून ठेवलेली. नऊवारी दोन्ही, तपकिरीची डबीसुद्धा.
तसं माझं शिकवून झालंच होतं. अमळनेरला दिलेल्या लेकीला, रंजनाला, आई हवीच असते.

२३ फेब्रुवारी, उधना स्टेशन
हर्षदा आली नाही, ट्यूशन होती. रंजनाचा फोन आला होता म्हणे, आई किती दिवस राहणार विचारत होती. हेमराजने खिडकीची जागा धरून दिली. मी विचारलं, परतीचं तिकीट? म्हणाला, आई, आत हो, गाडी सुटली.
गाडी अजून उभीच आहे. तो गेला.