दहाव्या माणसाचा गुडघा

डिमोना, इस्रायल,
१४ जुलै १९६३

तीर्थरूप नाथानदादा यांस, धाकटा भाऊ गर्शोन याचा शालोम आणि लांबूनच हातबोशी. (माझा हात इथून माझगावपर्यंत पोचत नाही, तेव्हा या कागदालाच हात लावून तो ओठांशी न्यावा.) तुमची प्रकृती, वहिनींचा दमा आणि जिन्यावरचा बंद पडलेला दिवा, तिघांचीही खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम. मीही उत्तम आहे. एवढे लिहीपर्यंत मी दोनदा उठून आलो. ते का, हेच सांगायला पत्र लिहायला घेतले.

गेल्या वर्षापासून मला सारखे लघवीला जावे लागते. तुमच्यापाशी कसला पडदा! घाईघाईने जावे तर थेंब थेंब, आणि बाहेर यावे तर वाटते, अजून राहिलीच. आत इतका वेळ जातो की तुमची धाकटी भावजय पर्ल दार वाजवून विचारते, झोपलात की काय? घरात हे निभावले असते. पण आपल्या लोकांनी इथे एका पत्र्याच्या शेडमध्ये सिनेगॉग मांडले आहे (बाके मी केली, एक डुगडुगते, ते लाकडामुळे), आणि शनिवारी सकाळी तिथे मोजून दहा पुरुष जमतात. मिनियनला दहाच लागतात. अकरावा फक्त कुणाकडे मलिदा असला की दिसतो. मी उठलो की उरले नऊ, आणि पुढचे पढणे बंद. प्रार्थना चालवणारे हझान पुस्तकात बोट घालून बसतात आणि छताकडे बघतात.

शेडला संडास नाही. समोर शोशीबाई म्हणून मोरोक्कोच्या एक बाई राहतात, त्यांच्याकडे जावे लागते. बाई देवमाणूस, पण आपल्यासारखीच त्यांचीही रीत, की घरात आलेला माणूस कोरड्या तोंडाने परत जाता कामा नये. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही म्हणून शुक्रवारपासून गरम ठेवलेला पुदिन्याचा चहा, तोही काठोकाठ पेला. नको म्हटले तर त्यांचा चेहरा उतरतो. तो पिऊन मी प्रार्थनेला येतो, वीस मिनिटांत चहा आपली वाट शोधतो, आणि मी पुन्हा शोशीबाईंच्या दारात! त्यांची समजूत झाली आहे की मला त्यांच्या चहाचे वेड आहे. हल्ली बिस्किटेही काढून ठेवतात.

लोकांना मी सांगत असे, गुडघा आखडतो, जरा मोकळा करून येतो. हा गुडघा कुठून आला तेही ऐका. दवाखान्यातला डॉक्टर रुमानियाचा. त्याला मराठी येत नाही आणि मला हिब्रू, म्हणून आमची सून त्सिला मध्ये बसली. (पोर लहानपणीच इथे आली, मराठी सगळे कळते, उत्तर मात्र हिब्रूत देते.) आता सासऱ्याने सुनेला लघवीचे काय सांगावे? माझ्या तोंडून निघाले, "गुडघा." तिने त्याचे हिब्रू केले. सहा आठवडे माझ्या धडधाकट गुडघ्याला शेक मिळाला, वर पट्टाही मिळाला. गुडघा आता इतका सुधारला आहे की कुणाच्याही लग्नात नाचेन. वरून मी आणखी शहाणपणा केला. घरात पाणी पिणेच सोडले, डिमोनाच्या या उन्हात! त्याने जाणे कमी झाले नाही, जळजळ तेवढी सुरू झाली.

आमच्यात मेइर म्हणून एक आहे, दवाखान्यात कंपाउंडर. त्याची आई फेब्रुवारीत वारली. तिच्या नावाचे कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तो दर शनिवारी म्हणतो, आणि त्यालाही दहा पुरुष लागतात. तीन शनिवारांपूर्वी तो कद्दिशला उभा राहिला आणि मी उठलो. चहा पिऊन परत आलो तर तो तसाच उभा, हातात पुस्तक. दादा, मला माझी फार लाज वाटली. प्रार्थना सुटल्यावर शोशीबाईंनी पर्लला हातवारे करून विचारले, तुमच्या घरचा संडास बिघडलाय का? पर्लने माझ्या गुडघ्याकडे पाहिले.

पर्लने मेइरला सगळे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मला डॉक्टरपुढे बसवले आणि स्वतः दुभाष्या झाला. त्याचा आवाज बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा, त्यामुळे बाहेरच्या सगळ्या रांगेला माझे दुखणे कळले. तपासणी कशी झाली ते लिहीत नाही. कोणी वाटेत पाकीट फोडले तर? निदान असे: पुरुषाच्या लघवीच्या वाटेभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट तिचे नाव. वय झाले की पुष्कळांची ती वाढते आणि वाट आवळते. पिशवी पुरती रिकामी होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. पाणी तोडल्याबद्दल डॉक्टर मला फार रागावला. म्हणाला, एखाद्या दिवशी सगळेच अडेल, मग नळी घालावी लागेल, त्यापेक्षा ऑपरेशन करून घ्या. मी मेइरमार्फत कळवले की अष्टमकरांच्या घराण्यात असली ऑपरेशने होत नाहीत, आणि ताठ मानेने घरी आलो. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक,
गर्शोन

ता. क. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला, बीरशेबाला आहे. पर्लने आणि मेइरने परस्पर ठरवले.

ता. क. दोन. एकोणसाठ साली तुम्ही हर्नियासाठी पंधरा दिवस इस्पितळात होता. तो हर्निया तुम्ही मला एका पत्रात डावीकडे कळवला होता आणि दुसऱ्यात उजवीकडे. दादा, तो हर्निया म्हणजे माझ्या गुडघ्याचाच भाऊ का? खरे कळवावे. दुखते का?

ता. क. तीन. मी बीरशेबाला पडलो की इथे नऊच उरतील आणि मेइरचे कद्दिश अडेल. तुमचे इकडे येण्याचे कागद दोन वर्षे पेटीत पडून आहेत. ते काढा आणि निघा. हे मेइरसाठी लिहितो आहे, असे लिहिणार होतो. खरे सांगायचे तर मला भीती वाटते. लहानपणी आपल्या अष्टमी गावच्या घरी रात्री परसात जायचे असले की तू कंदील घेऊन बाहेर उभा राहायचास आणि दर थोड्या वेळाने म्हणायचास, "आहे रे मी." तसाच ये आणि दाराबाहेर उभा राहा. कंदील आणू नकोस, इथे वीज आहे.