सत्काराला दीक्षा आली नाही

१० फेब्रुवारी, सोमवार

दीक्षाचा नंबर लागला नाही.

दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असताना मोबाइलवर मेसेज आला. ‘आपल्या पाल्याची प्रज्ञावर्गासाठी निवड झालेली नाही.’ पुन्हा पुन्हा वाचला. हुशार मूल कुठल्याही वस्तीत जन्मतं, त्याला वेळीच ओळखा, त्याच्या वेगानं शिकू द्या – हे सांगत इतकी वर्षं चपला झिजवल्या. सभा, निवेदनं, मुंबईच्या खेपा. शेवटी धोरण मंजूर झालं, वर्ग सुरू होतोय. आणि त्या वर्गात माझीच मुलगी नाही!

घरी येऊन तिला सांगितलं. पोहे खात होती. “अच्छा. मोनालीचा लागला का?” मोनाली खालच्या मजल्यावरची, तिची जिवाची मैत्रीण. तिचा लागला. “भारी!” म्हणाली, बशी तशीच ठेवली आणि खाली पळाली.

मला तिचा राग आला. थोडं रडू तरी यावं की नाही?

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रीतमला म्हटलं, तुझ्या लेकीचा नंबर लागला नाही हे एवढ्यात कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, “काहून? चोरी केली का तिनं?” मी विषय बदलला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या मंचाच्या सौरवचा फोन. “जय भीम ताई! तेवीस तारखेले तुमचा सत्कार. धोरणासाठी तुम्ही जे केलं त्याचा. हॉल पक्का झाला. अन् दीक्षाले स्टेजवर घेऊ. दोन शब्द बोलंल ते.”

त्यानं गृहीतच धरलंय. सगळ्यांनीच धरलं असणार. अस्मिताची पोरगी म्हणजे प्रज्ञावर्गात असणारच!

“बघते रे... तिची तब्येत जरा बरी नाही.” तोंडातून निघूनच गेलं. दीक्षा तेव्हा गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होती. धपधप आवाज येत होता.

सत्काराचा आनंद झाला – इथे तरी खोटं कशाला लिहू? कोणती साडी नेसायची तेही ठरवून टाकलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सुटी. दीक्षाला धरून बसवलं, पुढच्या वर्षीच्या निवडीच्या तयारीला. म्हणाली, “आई, मले खो-खोले जायचं हाये.” मी ओरडले, “सगळ्या नागपुरात तुझ्या आईचं नाव आणि तू खो-खो खेळ! लाज कशी वाटत नाही तुला?”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. “कशाची?”

खरंच विचारत होती. “जा,” म्हटलं.

संध्याकाळी समोरच्या कुसुमताई लिफ्टपाशी भेटल्या. “काहून वं अस्मिता, दीक्षाले रागावली का? आवाज आला.” मग लिफ्टचं बटण दाबत, “गुणाची पोरगी हाये वं ते.” त्यांना काही कळलं की काय? नाही, कसं कळेल. हसून घरात आले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

२३ फेब्रुवारी, रविवार

झाला सत्कार.

निघताना दीक्षा बूट घालून तयार! म्हटलं, “तू कंटाळशील गं. बाबाजवळ थांब.” तिनं बूट काढले. “बरं,” एवढंच म्हणाली. प्रीतमनं माझ्याकडे न बघता तिचे बूट उचलून ठेवले.

शाल, मानचिन्ह, फोटो. पुढच्या रांगांत मनीषनगरची आमची अर्धी बिल्डिंग. मी बोलले, चांगलं बोलले. “ज्यांची निवड झाली नाही ती मुलं कमी नाहीत. पालकांनो, मुलांच्या पाठीवरचा हात काढू नका.” एका बाईनं डोळे पुसले. बहुतेक तिच्याही मुलाचा नंबर लागला नसावा.

तिथेच खाली बसायला हवं होतं. पण सौरव माइकवर म्हणाला, “दीक्षा बी येनार होती, पण तिची तब्येत बरी नाही.” आणि मी माइक परत घेतला! कुणी मागितलाही नव्हता. “दीक्षा तापानं फणफणलीय. नाहीतर प्रज्ञावर्गातल्या सगळ्या मुलांच्या वतीनं आज तीच बोलली असती.”

हे मी बोलले. माझ्या तोंडानं.

हॉल एकदम गप्प. मला वाटलं, तापाचं ऐकून हळहळले असतील. मग कुसुमताईंनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

घरी आले तर दीक्षा दारातच. “दाखव ना शाल!” अंगावर गुंडाळून आरशासमोर गिरक्या घेतल्या. “आई, तुले किती लोकायनं टाळ्या वाजवल्या?”

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोनाली दीक्षाला शाळेत न्यायला आली. दीक्षा आत वेणी घालत होती. मी हळूच म्हटलं, “बाळा, दीक्षाचा नंबर लागला नाही हे कुणाला सांगू नको हं.”

“काकू, तिनं तं त्याच दिवशी सगळ्यायले सांगतलं. खाली गेटपाशी. ‘माहा नाही लागला, मोनालीचा लागला!’ म्हणून नाचून राहिली होती. कुसुम आजीनं आमाले दोघीले पेढे देल्ले.”

सगळ्यांना. त्याच दिवशी.

आणि तरी काल टाळ्या वाजवल्या त्यांनी.