काढणे आणि ठेवणे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे बसल्या जागेवरूनच घातला आहे, तरी पूर्ण धरावा). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून घरातच मुक्कामाला आहे? आम्ही दोघे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून लिहितो आहे, कारण टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, आणि तुझी भावजय कालपासून माझ्याशी फक्त 'हं' आणि 'हूं' एवढंच बोलते आहे. तिचा 'हं' कुठला आणि 'हूं' कुठला हे मला लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही कळत नाही.

लेकीकडे कायमचं जायचं ठरलं हे तुला ठाऊकच आहे. जावयांनी तिकडून लाकडी पेटाऱ्याचं माप कळवलं. सात फूट लांब, चार रुंद, चार उंच. त्यात मावेल ते बोटीनं पाठवा, उरेल ते विका. जावई हुशार आहेत, पण त्यांचा संसार अजून सात बाय चारचाच आहे, त्यामुळे त्यांना सगळं सोपं दिसतं. इथे आम्ही एका चाळणीवरून दीड दिवस भांडलो. मी माझ्या शब्दकोशाचे सातही खंड नेणार म्हटल्यावर ही म्हणाली, "तिकडे इतके शब्द कशाला? तुमच्याशी बोलणार कोण आहे?" यावर मी तिच्या एकवीस रिकाम्या बरण्यांबद्दल जे बोललो ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

शेवटी हिनंच तोडगा काढला. ही अठ्ठावीस वर्षं इस्पितळात भांडारपाल होती. चादरी, बेसिनं, बँडेजं, सगळं फळ्यांवर आणि सगळ्याला चिठ्ठ्या. त्याच धर्तीवर घराची वाटणी झाली. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली तिची, हॉल आणि गॅलरी माझी. ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीत चिठ्ठ्या लावायच्या, दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही. शब्द दोनच, 'काढणे' आणि 'ठेवणे'. इतकं सोपं काम आपण आधी का केलं नाही, असं आम्ही एकमेकांना म्हणालोसुद्धा. (त्या दिवशी चहाही चांगला झाला होता.)

आता शिडीचं. अण्णांची घडीची लाकडी शिडी आमच्या मधल्या बोळात उभी असते हे तू पाहिलं आहेस. तुझी भावजय नवी नवरी म्हणून आली ती याच शिडीला साडी अडकून पडता पडता वाचली, आणि तेव्हापासून दोघींचं जमत नाही. पण त्या शिडीवर अण्णांनी उभ्या आयुष्यात रंगवलेल्या पाट्यांचे शिंतोडे आहेत. तिसऱ्या पायरीवरचा निळा सायकलच्या दुकानाचा, वरचा पिवळा पिठाच्या गिरणीचा. आणि हिरवा तर तुझ्या चांगलाच लक्षात असेल. खाली शिडीचा एक पाय तू धरलेला, एक मी, आणि मी वर बघून ओरडलो, "अण्णा, 'दवाखना' लिहिलंय, काना राहिला!" ओरडताना दोन्ही हात तोंडाशी नेले. अण्णा खाली आले, डबा माझ्या डोक्यावर आला, आणि त्या डॉक्टरांच्या पाटीवर हिरवी शेपटी पुढे अकरा वर्षं लोंबत राहिली. स्वतःचा हात मोडलेला असताना अण्णा मला रागावले नाहीत. "चूक बरोबर काढलीस, पण पाय सोडायचा नाही," एवढंच म्हणाले. मी मुद्रितशोधक झालो तो त्या दिवशी, नोकरी नंतर लागली.

तर त्या शिडीवर, ताई, हिच्या अक्षरात चिठ्ठी. 'काढणे.'

बोळ कोणाच्याच वाटणीत नव्हता. मला विचारायचं तरी! मला राग आला असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे रडू आलं. छत्तीस वर्षांत या बाईला ती शिडी म्हणजे एक लाकडी अडगळ वाटली? मी भांडलो नाही. चिठ्ठी फाडून खिशात घातली आणि ही भाजी आणायला गेली तेव्हा शिडी घराबाहेर काढली. संध्याकाळी सांगून टाकलं, विकली. ही पोळी लाटता लाटता थांबली. "नक्की विकली?" असं दोनदा विचारलं आणि पुन्हा लाटायला लागली. मनातून उकळ्या फुटत असणार, दाखवत नाही एवढंच, असं मी समजलो.

परवा हिचा इस्पितळात निरोपसमारंभ होता. दिवसभर ही तिकडे, आणि विक्री आणि बांधाबांध दोन्ही माझ्या अंगावर. मी म्हटलं, चिठ्ठ्या आहेत, काळजी कसली. सकाळी गिऱ्हाइकं आली. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येक वस्तू टिचक्या मारून बघत होते (मलाही एक मारली). 'काढणे' लिहिलेलं सगळं दुपारपर्यंत गेलं. हिचा बिडाचा तवा, तिच्या आईचा आरसा, नवा दुलईचा जोड, सगळं. हिनं एवढं चांगलं सामान काढावं याचं मला नवल वाटलं, आणि कौतुकही. संसारातून मन काढून घेतलं म्हणायचं, मी मनात म्हटलं.

दुपारी पॅकिंगवाला आला. या गृहस्थाला आम्ही घनफूट म्हणतो, कारण तो तेवढंच बोलतो. 'ठेवणे' लिहिलेलं सगळं भर, मी म्हटलं. गळका पिंप, कान तुटलेली कढई, तीन पायांचा चौरंग, एकवीस बरण्या. तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. मध्येच विचारतो, "बाईंनी माप घ्यायला आलो तेव्हाच सांगितलंय, एका कडेला पूर्ण लांबीभर फूटभर जागा रिकामी ठेवायची. ठेवू?" आता बघ, एका चाळणीसाठी दीड दिवस भांडणारी बाई आणि सात फूट जागा हवा खेळायला सोडते! मी त्या जागेत गळका पिंप आडवा घालायला लावला आणि वर तुटकी छत्री खोचली.

संध्याकाळी ही गुच्छ घेऊन आली. आधी स्वयंपाकघरात गेली. मग झोपायच्या खोलीत. मग पेटाऱ्याशी येऊन तिनं घनफूटनं लिहिलेली यादी वाचली आणि गुच्छासकट खाली बसली. "तवा कुठाय?" मी म्हटलं, "काढला." ती म्हणाली, "काढायचाच होता! नेण्यासाठी!"

तर प्रकार असा. भांडारात 'काढणे' म्हणजे फळीवरची वस्तू वापरायला बाहेर काढून देणे आणि 'ठेवणे' म्हणजे ती आहे तिथेच फळीवर राहू देणे. अठ्ठावीस वर्षं हिनं हेच लिहिलं. मी चौतीस वर्षं छापखान्यात समासात 'काढा' लिहिलं की शब्दाचा मुडदा पडायचा, आणि 'ठेवा' लिहिलं की तो जगायचा. मी तिला शांतपणे समजावलं की या शब्दाला आपल्या भाषेत धरबंध नाही. माणूस दात काढतो तेही काढणे, गळा काढतो तेही काढणे. ती म्हणाली, "मग आता माझी समजूत काढा." ते मला जमलेलं नाही.

मुख्याध्यापक तवा परत देत नाहीत. त्यावर काहीही केलं तरी चिकटत नाही म्हणतात. आरसा मात्र मिळाला. पेटारा उद्या पुन्हा उपसायचा आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पाय सोडणारा भाऊ

ता. क. – खरं काम आता सांगतो. शिडी मी विकलेली नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे लपवली आहे, तो तिच्यावर लोकांचे शर्ट वाळत घालतो. गुरुवारी टेम्पोनं तुझ्याकडे येईल. मागच्या गॅलरीत उभी करून ठेव. अण्णांची शिडी परक्या घरी जाऊ नये एवढंच माझं मागणं आहे. तुझ्या भावजयीला अवाक्षर सांगू नकोस. हे पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. दुसरा – वन्सं, नमस्कार. हे डिंक आणायला बाहेर गेलेत. घरातल्या डिंकाच्या बाटलीवर मी 'ठेवणे' लिहिलं होतं, म्हणून ती पेटाऱ्यात आहे. उघडं पडलेलं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण छत्तीस वर्षं यांच्याबरोबर काढल्यावर तेवढा हक्क आहे.

शिडीवरची चिठ्ठी माझीच. घडी घातल्यावर ती साडेसहा फूट भरते, मी स्वतः टेपनं मापली. फूटभर जागा तिच्यासाठीच रिकामी ठेवायला सांगितली होती, आणि माझं शिवणाचं मशीन त्यापायी शेजारणीला देऊन टाकलं. यांनी 'विकली' म्हटलं तेव्हा वाटलं, यांच्या वडिलांची वस्तू, यांना जड झाली असेल, आपण कोण बोलणार. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

टेम्पो तुमच्याकडे येणार नाही. हे यायच्या आत पाकीट भाताच्या शितानं चिकटवून पेटीत टाकते आणि तशीच जाऊन इस्त्रीवाल्याला सांगून येते. उद्या पिंप निघाला की त्या जागी शिडी जाईल, आणि या वेळी चिठ्ठीवर 'नेणे' लिहीन. यांना काही कळवू नका. पेटारा तिकडे उघडेल तेव्हा यांचं तोंड मला बघायचं आहे.

गुडघ्यांना शेक घेत जा. आणि आम्ही गेल्यावर आमची आठवण काढत जा, वन्सं. यांच्या अर्थानं नको, माझ्या अर्थानं.